खिडकीखालची ऊबदार फरशी

कोंबडीच्या पिल्लांना आंघोळ घालायची नसते. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती लिहून ठेवायची गरज कुणालाच वाटलेली नाही, आणि लिहूनच ठेवलेली नसेल तर माझ्यासारख्या वाचून शिकणाऱ्या माणसाला ती कळावी कशी, असा माझा सरळ प्रश्न आहे. हा प्रश्न मी घरात एकदाच विचारला. पुन्हा विचारला नाही.

पाच पिल्लं होती. लेकीच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंनी यंत्रात अंडी उबवली आणि ज्यांच्या घरी जागा आहे त्यांना पिल्लं वाटली. आमच्या घरी जागा आहे हे कळवणारा मीच. एका रविवारी सकाळी मला वाटलं की यांना वास येतोय. मी कोमट पाणी घेतलं, लहान मुलांचा शाम्पू घेतला, पाचही जणांना अगदी मनापासून धुतलं आणि टॉवेलवर ओळीने वाळत ठेवलं. दुपारपर्यंत तीन गेली. उरलेली दोन संध्याकाळी.

तेव्हापासून लेक माझ्याशी बोलत नाही. नऊ वर्षांची आहे. रुसवा असता तर मी काढला असता, पण हा रुसवाही नव्हता. ‘आई, बाबांना सांग, वहीवर सही हवी आहे,’ असं ती माझ्यासमोर उभी राहून आईला सांगायची. मी सोफ्यावर बसलो की ती उठायची. चिडून नाही, आपटून नाही. आपला स्टॉप आला म्हणून बसमधला माणूस उठतो तशी. असे तीन महिने गेले.

इथे माझ्या नोकरीबद्दल सांगणं भाग आहे, कारण बायको ते सगळ्यांना सांगते. मी शीतगृहात पर्यवेक्षक आहे. लोणी, सफरचंदं, लसी, असं बरंच काही बावीस वर्षं मी थंड ठेवत आलो आहे. वस्तू थंड ठेवण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी एकदा अभिमानाने म्हणालो होतो. ते मी त्या रविवारनंतरच्या सोमवारी म्हणायला नको होतं.

तीन महिन्यांनी बाईंनी दुसरी खेप काढली आणि लेकीने, कुठल्या धाडसाने कोण जाणे, पुन्हा नाव दिलं. बुटांच्या खोक्यातून सात पिल्लं आली. सोबत वहीचं एक पान आलं. ‘एक. बाबांनी पिल्लांना हात लावायचा नाही. दोन. बाबांनी पाण्याजवळ जायचं नाही. तीन. बाबा लांबून बघू शकतात.’ खाली माझ्या सहीला जागा सोडलेली, आणि साक्षीदार म्हणून बायकोची सही आधीच झालेली. आपली बायको कुणाच्या बाजूने आहे हे कळायला इतकी स्वच्छ कागदपत्रं सहसा मिळत नाहीत.

मी सही केली. कारण एक गोष्ट मला कुणी न सांगता कळत होती. ही सात जगली तर माझी लेक मला परत मिळणार होती. नाही जगली तर ती मोठी होईल, शहाणी होईल, माझ्याशी नीट वागेलसुद्धा. पण सोफ्यावरून उठायची तिची सवय काही जाणार नाही.

आता ‘लांबून बघणे’ याचे अनेक अर्थ होऊ शकतात. मी शास्त्रीय अर्थ घेतला. आमची मागची खोली इस्त्रीचं टेबल आणि जुनी कपाटं यांच्यासाठी राखीव आहे. तिथे पुठ्ठ्याचं कुंपण घालून मी पिल्लांना ऊब देण्याच्या तीन सोयी शेजारी शेजारी मांडल्या. पहिली, खोक्यावर टांगलेला साठचा बल्ब. दुसरी, जाड मोज्यांत घातलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या; कलम दोनमुळे त्या बायको भरायची आणि भरताना माझ्याकडे बघायची. तिसरी, माझी पाठ शेकायची विजेची गादी आणि तिच्यावर लोंबत्या सोडलेल्या जुन्या स्वेटरच्या पट्ट्या, म्हणजे आईच्या पोटाखाली शिरल्यासारखं वाटावं. पिल्लांनी हवं तिथे जावं, आणि कोण कुठे गेलं ते मी दर तासाला तक्त्यात भरावं. भिंतीवर दुसरा तक्ता: पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. ऑफिसातून चार थर्मामीटर आणले.

स्वच्छतेचीही तुलना केली, या वेळी कोरडी. वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून दोन दिशांना जातात. करवतीचा भुसा ती खातात आणि मग शिंकतात, आणि पिल्लू शिंकलं की स्वतःच दचकून मागे पडतं. सुताराकडचे रंध्याचे छिलके सर्वांत बरे, फक्त रोज बदलावे लागतात. रोज बदलायचे म्हणजे पिल्लं उचलायची, म्हणजे कलम एक आडवं येतं. ते काम लेक करायची. मी दारात उभा राहून ‘कोपऱ्यातलं राहिलं’ म्हणायचो आणि ती आईला म्हणायची, ‘आई, बाबांना सांग, दिसलंय.’

समोरच्या काकूंनी पहिल्या दिवशीच ताबा घेतला. लहानपणी त्यांच्या घरी दोनशे कोंबड्या होत्या, आणि गेली अकरा वर्षं त्या मला स्वयंपाकाच्या गॅसपासून मुलीच्या दातांपर्यंत सगळ्यावर सल्ला देत आल्या आहेत, त्यामुळे इथे तर त्यांना मोकळं रान मिळालं. बल्ब लाल हवा. पाण्याच्या भांड्यात गोट्या टाका, नाहीतर बुडतात. आरसा ठेवा, एकटं वाटत नाही. रेडिओ लावा, पण बातम्या नकोत. मी सगळं लिहून घेतलं. आरसा ठेवलासुद्धा, पिल्लांनी त्यावर घाण केली.

दोन दिवस तक्ता छान भरला. बल्बला तीन, बाटल्यांना दोन, स्वेटरला दोन. स्वेटर माझा असल्यामुळे मी आतून त्याच्या बाजूने होतो, पण नोंदी प्रामाणिक ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर तिन्ही सोयी रिकाम्या. बल्ब जळतोय, गादी गरम आहे, आणि पिल्लू एकही नाही. मी कपाटांखाली वाकून पाहिलं. मग दिसली. कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या बरोबर खाली, बाजूच्या भिंतीपासून चौथ्या फरशीवर सातही जण बसली होती. खाली छिलके नाहीत, काही नाही, नुसती उघडी फरशी. बाहेर इतकी थंडी की खिडकीच्या काचेला ओल आलेली.

पिल्लांना थंडी वाजली की ती एकमेकांवर चढतात आणि ओरडतात, हे मी वाचलं होतं. ही ओरडत नव्हती. एकमेकांवर चढलीही नव्हती. गोल करून, चोची बाहेरच्या बाजूला काढून ती आरामात बसली होती, आणि सगळ्यांच्या पाठीवरची लव खाली चपटी झाली होती. वर काहीतरी मऊ टेकलं असावं अशी.

थर्मामीटर दोरीला बांधून मी लांबूनच सोडला. चौथी फरशी: पस्तीस. तिच्या शेजारची: चौदा.

मी थर्मामीटर बदलला. चारही बदलले. चौघांचं एकमत झालं, जे ऑफिसात कधी होत नाही.

बायकोला बोलावलं. ती औषधांच्या दुकानात काम करते, तिला आकड्यांची किंमत आहे. तिने आकडे पाहिले, पिल्लं पाहिली. ‘मजेत आहेत ना? मग झालं,’ म्हणाली आणि इस्त्रीला लागली. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की इस्त्रीचे कपडे कपाटात ठेवायला जाताना ती सरळ जात नव्हती. कुंपणापासून चांगली दोन हात लांबून जात होती.

‘वळसा का घालतेस?’

‘कुठे घालते?’ ती म्हणाली आणि वळसा घालून गेली. मग मी स्वतः गेलो. मी सरळच जाणार होतो. तरी पोचलो तो वळसा घालूनच.

पुढच्या दोन दिवसांत ज्या गोष्टी तक्त्यात भरता येईनात त्या मी मागच्या पानावर लिहू लागलो. फरशीभोवती छिलक्यांची एक गोल वरवंडी, बुटक्या बांधासारखी, तयार झाली होती. लेकीने केली नव्हती, मी बायकोकरवी विचारून घेतलं. आत घाणीचा ठिपका नाही. असेल ती सगळी वरवंडीच्या बाहेर, पाय मारून लोटल्यासारखी. पिल्लं गोलाच्या बाहेर आली की त्यांचा चिवचिवाट स्पष्ट यायचा, आणि आत गेली की तोच आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबका व्हायचा. आणि कधी कधी, टक लावून पाहिलं तर, सातांपैकी चारच नीट दिसायची. बाकीच्यांच्या नुसत्या चोची.

काकू पाचव्या दिवशी आल्या. राखेवर काहीतरी सांगायचं होतं त्यांना. ‘राख टाकली की कीड—’ असं बोलतच खोलीत शिरल्या आणि थांबल्या. चपला आधीच बाहेर काढल्या होत्या, तरी त्यांनी खाली पायांकडे पाहिलं. मग आवाज एकदम खाली आणून मला विचारलं, ‘कधीपासून बसलीये?’

‘कोण?’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ‘असू दे,’ म्हणाल्या. ‘खिडकी फार उघडू नका. आणि तिच्यासमोरून सारखं जाऊ नका, खुडूक कोंबडीला ते चालत नाही.’ आणि राखेबद्दल एक अक्षर न बोलता त्या घरी गेल्या. अकरा वर्षांत काकू सल्ला अर्धा टाकून गेल्याचा हा पहिला प्रसंग. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

भीती वाटली की मी अर्ज करतो. प्रत्येकाचा स्वभाव असतो. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या बरोबर खालच्या घरात राहतात, म्हणजे आमची जमीन ती त्यांचं छत, तेव्हा उष्णता तिथून येत असणार हे उघड होतं. ‘तुमच्या वरच्या कोपऱ्यात हीटर वगैरे?’ मी विचारलं. त्यांनी मला शिडी दिली. चौथ्या फरशीच्या खाली त्यांच्या सामानाच्या खोलीचं छत येतं. मी हात लावला आणि काढून घेतला. बावीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो, चार अंश. आमच्या शीतगृहात लसींच्या कपाटाला हात लावला की असं वाटतं.

‘हो, तीन दिवस असंच आहे,’ सेक्रेटरी म्हणाले. ‘आम्ही लोणी तिथेच ठेवतोय.’

अर्जावर तक्रारीचे चार प्रकार छापलेले होते: गळती, आवाज, वास, इतर. मी ‘इतर’वर खूण करून पुढे ‘ऊब’ लिहिलं. सेक्रेटरींनी चष्मा काढला. ‘ऊब ही तक्रार होत नाही,’ ते म्हणाले. ‘ऊब नसणे ही होते. तुम्हाला उबेबद्दल तक्रार आहे की कौतुक आहे? कौतुकाचा फॉर्म नाही.’ वर पक्षी पाळण्याची परवानगी घेतलेली नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. म्हणजे तक्रार करायला गेलेला मी आरोपी होऊन परत आलो, आणि पाठोपाठ सेक्रेटरी पाहणीला.

पाहणीच्या फॉर्मवर ‘पक्ष्यांची संख्या’ असा रकाना होता. सेक्रेटरी पद्धतशीर माणूस. पेनाचं टोक एकेकाकडे रोखून त्यांनी मोठ्याने मोजलं. ‘पाच, सहा, सात, आठ.’ आणि आठ लिहिलं.

‘सात आहेत,’ मी म्हणालो.

‘मग हे मधलं मोठं कोणतं?’ असं म्हणून त्यांनी पुन्हा पेन रोखलं, आणि ते तसंच राहिलं. पेनाचं टोक रिकाम्या हवेकडे होतं, जमिनीपासून हातभर वर. त्यांनी बराच वेळ तिकडे पाहिलं. मग आठ खोडून ‘सात (अंदाजे)’ असं लिहिलं, फॉर्म माझ्या हातात दिला आणि परवानगीचं नंतर बघू म्हणत गेले. त्या संध्याकाळी त्यांच्याकडचं लोणीही तिथून हललं, असं बायकोला जिन्यात कळलं.

आठव्या दिवशी मी थर्मामीटर सोडला. बत्तीस. भिंतीवरच्या तक्त्यात दुसऱ्या आठवड्यासमोर बत्तीसच होतं. मला खरं सांगायचं तर जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. माझी गादी अजून पस्तीसवर अडकली होती, कारण तिचं बटण फिरत नव्हतं. आणि इथे तार नाही, बटण नाही, आणि सोमवार उजाडताच तीन अंश बरोबर खाली. मी घसा खाकरून ‘छान’ म्हणालो. कुणाला म्हणालो, माहीत नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट संपली असती. पिल्लं टुणटुणीत होती, पंखांवर पहिली पिसं फुटत होती. लेकसुद्धा आता मी दारात असताना खोलीतून निघून जात नव्हती. एकदा तर पिल्लू चालता चालता झोपून तोंडावर पडलं तेव्हा आम्ही दोघं एकाच वेळी हसलो, आणि ती चुकून माझ्याकडे बघून हसली. मग लक्षात आल्यावर तिने तोंड फिरवलं. पण तो क्षण मी दिवसभर ऑफिसात बरोबर वागवला.

मी थांबलो नाही याला कारण आमच्या धंद्यातली शिस्त. शीतगृहात उष्णता सापडली आणि तिचं कारण सापडलं नाही, तर आधी कारण शोधायचं आणि मग जेवायचं. बिनकारण उष्णता म्हणजे तार जळतेय, नाहीतर माल सडतोय. माझी मुलगी त्या खोलीत रोज मांडी घालून बसत होती. तिच्या पायाखाली काही जळत असलं तर? असं मी बायकोला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्याच्या खाली दुसरं एक खरं होतं, ते मी सांगितलं नाही. माझ्या तक्त्यात चौथ्या सोयीला नाव नव्हतं. पिल्लं जगत होती, आणि ती मी जगवत नव्हतो.

लेकीने निरोप पाठवला. ‘आई, बाबांना सांग, तिथे काही करू नका. तिला आत्ता जागचं हलता येत नाही.’

‘कोणाला, ते विचार,’ मी म्हणालो. बायकोने विचारलं. लेक छिलके बदलायला निघून गेली.

दहाव्या दिवशी मी रजा टाकली. लेक शाळेत, बायको दुकानात. साडेदहाला प्लंबर आला, पाइप तपासायला म्हणून. त्याने गुडघ्यावर बसून चौथ्या फरशीवर तळवा टेकवला. पिल्लं त्याच्या मनगटाभोवती तशीच बसून राहिली. त्याने हात सावकाश काढला आणि पँटला पुसला.

‘साहेब, इथून पाइप जात नाही.’

‘मग तार असेल.’

‘तारसुद्धा नाही. ही फरशी...’ तो थांबला. ‘माझी आई गेली ना, त्या दिवशी तिचा हात संध्याकाळपर्यंत असा ऊबदार होता,’ तो म्हणाला. ‘तुम्हाला फोडायची असेल तर छिन्नी ठेवून जातो. मी नाही फोडणार.’ चहा टाकला होता, तोही न घेता गेला. हत्यारं न्यायला कधी येणार हेही सांगितलं नाही.

मी पुठ्ठ्याने पिल्लं बाजूला सारली. हात लावला नाही. कलम एक अजून पाळत होतो. फरशीच्या सांध्यात छिन्नी धरली आणि हातोडा मारला. तिसऱ्या घावाला फरशी अख्खी सुटून वर आली, आपण होऊन उठल्यासारखी. खाली वाळू आणि सिमेंट. वायर नाही, पाइप नाही, काही नाही. मी हात घातला. थंडगार.

आणि सातही पिल्लं एकदम ओरडली.

दहा दिवसांत मी तसा आवाज ऐकला नव्हता. पण त्याच्या आधी ऐकला होता. तीन महिन्यांपूर्वी, टॉवेलवर.

मी बल्ब खाली ओढला, ती बल्बकडे गेली नाहीत. गादी पुढे सरकवली, तिच्यावरून धावत ती परत त्या खड्ड्याशी आली. खड्ड्याभोवती गोल गोल पळत होती, आत बघत होती, एकमेकांवर चढत होती. शेजारचा थर्मामीटर बारा दाखवत होता आणि माझ्या देखत अकरावर आला. एक पिल्लू ढिगाखालून बाहेर आलं आणि आडवं पडलं. त्याने एक पाय ताणला आणि तो तसाच ठेवला.

मी सही केलेला कागद भिंतीवर तक्त्याशेजारीच चिकटवलेला होता. मी तो वाचला. खरंच, त्या वेळी उभं राहून वाचला. माणूस घाबरला की काहीही करतो. मग दारामागे टांगलेला ऑफिसचा जाड कोट घातला, खाली बसलो आणि पिल्लं एकेक करून उचलून कोटाच्या आत, शर्टाशी लावली. आडवं पडलेलं सगळ्यांत आधी. बसलो तो त्या खड्ड्यातच बसलो, कारण आत घेतली तरी ती धडपडत त्याच दिशेला जात होती.

अकरा ते चार अशी ऑफिसातल्या खुर्चीवर मी हजारो वेळा बसलो आहे, पण अशा बसण्याचा अनुभव नव्हता. पहिल्या अर्ध्या तासात डावा पाय गेला. दुसऱ्या अर्ध्या तासात उजवा. बाहेरच्या खोलीत फोन वाजत राहिला. स्वच्छतेचा प्रश्न कोटाच्या आत सात वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी, निकालात निघाला, आणि मला, टॉवेल आणि शाम्पूवाल्या मला, त्याचं काही वाटलं नाही. मी फक्त आतले पाय मोजत होतो. सहा जण हलत होती. सातवं बरगडीला टेकून निपचित होतं.

बाराच्या सुमारास सेक्रेटरी आले. दार उघडंच होतं. हातोड्याच्या आवाजाची त्यांची तक्रार होती. आवाजाला रकाना आहे. त्यांनी उखडलेली फरशी पाहिली, खड्ड्यात बसलेला मी पाहिला. ‘हे काय?’ म्हणाले.

‘मी उठू शकत नाही,’ मी म्हणालो.

माझ्या कोटातून कुणीतरी चिव केलं. सेक्रेटरींनी फॉर्म घडी करून खिशात घातला आणि जाताना दार आवाज न करता ओढून घेतलं. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार.

मग खोली फार शांत झाली. मी सातव्या पिल्लाला हाताने हळूहळू चोळत होतो आणि बोलत होतो. पिल्लाशी की अजून कुणाशी, ते नीट सांगता येत नाही. म्हणालो, चूक झाली. तेव्हाही झाली, आत्ताही झाली. मला वाटलं होतं की स्वच्छ झालं की बरं वाटतं. मला वाटलं होतं की कारण कळलं की बरं वाटतं. हे पिल्लू जाऊ देऊ नका. ती घरी येईल आणि काही बोलणार नाही, आणि मला ते आता सहन होणार नाही. असं मी रिकाम्या खोलीत मोठ्याने बोललो.

साडेतीन वाजले असतील. माझ्या पाठीला ऊब लागली.

आधी वाटलं, ऊन आलं. पण खिडकी माझ्या डोक्यावर होती आणि काच तशीच ओली होती. ऊब मानेखालून सुरू होऊन दोन्ही खांद्यांवर आली. मग तिला वजन आलं. फार नाही, पण होतं. काहीतरी मऊ आणि मोठं सावकाश माझ्यावर टेकलं, एकदा जरासं उचललं गेलं, आणि नीट जागा करून पुन्हा टेकलं. माझे केस डोक्यावर चपटे बसले. फोनची घंटा पुन्हा वाजू लागली होती, पण आता ती गोधडीखालून ऐकल्यासारखी येत होती. मला ओरडायचं होतं. ओरडलो असतो तर पिल्लं घाबरली असती, म्हणून ओरडलो नाही. गुडघ्याशी पडलेल्या थर्मामीटरचा पारा चढताना मी बघत राहिलो. अठरा. पंचवीस. बत्तीसवर आला आणि थांबला.

बरगडीशी काहीतरी टोचलं. सातवं पिल्लू माझ्या शर्टाच्या बटणाला चोच मारत होतं.

चारला कुलपात किल्ली फिरली. लेकीचे बूट, दप्तर, मग पावलं. ती दारात आली. फरशी पाहिली, हातोडा पाहिला, रिकामं कुंपण पाहिलं. 

‘मी फोडली,’ मी म्हणालो. ‘आणि मी त्यांना हात लावला. दोन्ही मी केलं. सात आहेत. सातही आहेत.’

कोटाच्या गळ्यातून एकेक चोच बाहेर आली. तिने ओठ हलवत सात मोजल्या. मग तिने वर पाहिलं. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या हातभर वर, आणि कितीतरी वेळ तिथेच पाहत राहिली. मला मान वळवून बघायची हिंमत झाली नाही.

‘बाबा,’ ती म्हणाली. आईला नाही, मला. ‘हलू नका.’

‘नाही हलत.’

ती पायांचा आवाज न करता जवळ आली. माझ्यापासून दोन हातांवर थांबली आणि तिने डोकं खाली घातलं, पाठ वाकवली. सरळ उभं राहून येता आलं असतं. आमच्या दोघांच्या मध्ये मला तरी काहीच दिसत नव्हतं. पण ती बसक्या दारातून आत यावं तशी वाकून आली, आणि आत आल्यावरच तिने डोकं वर काढलं. तिचे केस हळूच खाली चपटे झाले. तिचे गाल थंडीने लाल झाले होते.

‘सरका थोडं,’ ती म्हणाली.

दोन्ही पाय बधिर झाले होते, तरी मी सरकलो, आणि ती माझ्या कुशीत शिरून बसली.